सावकाशला बोलवा

कपडे धुण्याचं मशीन सोमवारी सकाळी बंद पडलं, तेही पोटात बादलीभर पाणी आणि आईंच्या दोन चादरी घेऊन. पाणी उतरेना, दार उघडेना. मी त्याला एक चापट मारली, मग आणखी एक मारली, आणि मग स्वतःच्याच हातावर फुंकर घालत बसले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावरच आहेत. डायपर लावला की अंगावर चट्टे उठतात, म्हणून दिवसाला तीन चादरी लागतात, कधी चार. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. वीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून उजवा खांदा असा धरलाय की पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. लोक मला म्हणतात, सासूची किती करतेस गं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं ते धुण्याचं मशीन करत होतं आणि शाबासकी मी घेत होते.

आईंचा आवाज आता पुरत नाही. माझं शिलाई मशीन चालू असलं की त्यांची हाक मला ऐकूच येत नाही. म्हणून मी त्यांना आमच्या गेलेल्या मांजराच्या गळ्यातली चिमुकली घंटी लाल फितीला बांधून दिली होती, आणि ती ठेवायला त्यांच्या गाऊनला खिसा शिवून दिला होता. काही हवं असलं की घंटी वाजवायची. सुरुवातीला ती दर दहा मिनिटांनी वाजायची. पाणी हवंय, उशी सरकलीय, पडदा ओढ, कोण आलं होतं गं. एकदा तर हातात नवरीचा ब्लाउज, संध्याकाळी द्यायचा, आणि घंटी चौथ्यांदा वाजली. मी दारातूनच म्हणाले, "आई, मांजर गेलं, पण ही घंटी काही माझी पाठ सोडत नाही." त्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर घंटी कमी झाली, आणि तीन-चार दिवसांनी वाजायचीच थांबली. आईंना आता दुपारची छान झोप लागते, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते.

तर मशीन बंद पडलं, आणि घरात दुरुस्ती कुणाकडून करून घ्यायची यावर चर्चासत्र सुरू झालं. आमचे हे म्हणाले, कंपनीचा माणूस बोलवू, त्यांचं मशीन त्यांना माहीत. नणंदबाईंनी फोनवरून सांगितलं की दाजींना पाठवते. दाजी म्हणजे त्यांचे यजमान, पूल बांधणारे इंजिनिअर. आणि भिंतीपलीकडून आई म्हणाल्या, "सावकाशला बोलवा."

सावकाशचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोला माहीत असेल. आमच्या भागात पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करणारा हा साठीचा माणूस. सासरे होते तेव्हा आमचा छताचा पंखा दुरुस्त करायला तो तीनदा आला, आणि पहिल्या दोन वेळा नुसता खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत राहिला. तिसऱ्या वेळी पाच मिनिटांत काम केलं आणि गेला. तो पंखा अजून चालतो, हे मान्य आहे. पण मला घाई होती.

घाईचं कारणही सांगायला हवं. ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी एक जागा पाहून ठेवली होती. स्वच्छ होती, दोन नर्स होत्या, बागही होती. ताई वाईट नाहीत. माझ्या खांद्याकडे बघूनच त्यांनी हे काढलं होतं. सोमवारी फोनवर त्या म्हणाल्या, "हे बघ, रविवारी मी फॉर्म घेऊन येते. तोवर मशीन सुरू झालं तर ठीक. नाही झालं तर सही करून टाकू. हातानं धुवून तू मरशील." आणि मी, आता लाज वाटते सांगायला, म्हणाले, "बरं." फोन मोठ्या आवाजावर होता. आमची भिंत जाड नाही.

कंपनीचा माणूस बुधवारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट. त्यानं तीन बटणं दाबली, एक फोटो काढला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, मॅडम. मागवावा लागेल. बारा दिवस."

"पण पाणी उतरत नाहीये," मी म्हणाले. "बोर्डाचा काय संबंध?"

"सगळ्याचा बोर्डाशीच संबंध असतो," तो म्हणाला आणि गेला. जखम मांडीला अन् मलम शेंडीला, असं मी त्याच्या पाठीला ऐकवलं.

"सावकाशला बोलवा," आई आतून म्हणाल्या.

गुरुवारी दाजी आले. रजा टाकून आले, हे त्यांचे उपकारच. मोबाइल भिंतीला टेकवून एक व्हिडिओ लावला आणि त्यातला माणूस जे करेल ते दाजी करत गेले. व्हिडिओतलं मशीन वेगळंच होतं ही गोष्ट अर्ध्या तासानं लक्षात आली. पण त्यांनी नळी लावून पाणी काढलं, दार उघडलं, तीन दिवस भिजलेल्या चादरी बाहेर आल्या. त्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही. खालची फिल्टरची जाळीही त्यांनी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. मग मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, झाकण परत लावलं. मशीन चालू केलं तर पाणी भरलं, ड्रम फिरला, आणि पाणी उतरायची वेळ आली की नुसती घरघर करून पुन्हा ठप्प.

"मोटर जळाली," दाजी म्हणाले. "नवीनच घ्या." त्यांच्या हातात चार स्क्रू उरले होते. ते त्यांनी एका वाटीत ठेवले आणि म्हणाले, "हे जास्तीचे असतात."

सोमवारपासून मी रोजच्या चादरी हातानं धूत होते. शुक्रवारी लक्षात आलं की धुणं कमी झालंय. तीनच्या जागी दोनच चादरी, आणि शनिवारी सकाळी तर एकच. देवच पावला, असं वाटलं मला. तरी ती एक पिळताना खांद्यातून अशी कळ गेली की मी मोरीतच बसले. आतून तोच आवाज आला, अगदी बारीक, "अगं, सावकाशला बोलव." आठवड्यातली ही पाचवी खेप. मी म्हणाले बोलवूया बाई, उद्या फॉर्मवर सही करायचीच आहे, निदान आईंचा एक शब्द राखला असं तरी होईल. एवढ्या हलक्या मनानं मी त्या माणसाला फोन केला.

तो अकराला चालत आला. पिशवी दाराशी ठेवली, पाणी मागितलं, प्यायला, आणि मशीनसमोर स्टूल घेऊन बसला. पिशवी उघडलीच नाही.

"शेवटचं नीट कधी चाललं?" त्यानं विचारलं.

"रविवारी."

"आवाज कसा होता?"

"मशीनसारखा."

"असं नाही चालत," तो शांतपणे म्हणाला. "पाणी भरताना, फिरताना, उतरताना, पिळताना, आवाज वेगळे असतात. त्यातला कुठला बदलला होता?"

मला काय ठाऊक? माझ्या कानात दिवसभर माझंच शिलाई मशीन. त्यानं यांना विचारलं. हे पेपर खाली घेऊन म्हणाले, "मला तर ते चालू आहे की बंद तेही कळत नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

"खिशात काही राहिलं असेल?"

इथं मात्र मी ठसक्यात सांगितलं की या घरात खिसे तपासल्याशिवाय एक कपडा आत जात नाही. यांचे खिसे तर मी उलटे करून झटकते.

"घरात आणखी कोण आहे?"

"आई आहेत. पण त्या अंथरुणावर. त्यांना काय विचारता?"

सावकाशनं मशीनमागची भिंत पाहिली, तिच्यावर बोटानं टकटक केली. "पलंग याच भिंतीला आहे ना? डोकं इकडे?"

डोकं इकडेच होतं. आठ महिने त्या भिंतीला डोकं लावून आई ते मशीन ऐकत होत्या, आणि आम्ही कंपनीला विचारलं, पूल बांधणाऱ्याला विचारलं, व्हिडिओतल्या परक्या माणसाला विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तो आत गेला, खुर्ची ओढून पलंगाशी बसला. "मावशी, ओळखलंत का? पंख्यावाला."

"तुझीच वाट बघतेय," आई म्हणाल्या. "तू विचारतोस म्हणून."

"मग सांगा. कुठला आवाज बदलला?"

आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बाहेर जा बघू जरा." मी गेले नाही. दारात तशीच उभी राहिले. त्यांनी पांघरुणाची कड दोन-तीनदा सारखी केली.

"पाणी उतरताना," त्या म्हणाल्या. "दहा-बारा दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं. आत माझी घंटी वाजत होती. गाऊनच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली. तीन दिवस पाणी उतरलं की वाजायची. मग वाजेना, नुसतं घासल्यासारखं व्हायला लागलं. मग हे बंद पडलं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रागावू नकोस. मशीन माझ्यामुळेच गेलंय, हे कसं सांगणार होते मी? आधीच तुम्हाला माझं एवढं. म्हटलं सावकाश आला तर तो विचारेल, मग सांगावंच लागेल."

साऱ्या घराचे खिसे मी तपासायची, पण आईंच्या खिशात कधी हात घातला नव्हता. मोठ्या माणसाच्या खिशात कसा हात घालायचा, असा माझा शहाणपणा. आणि तो खिसा शिवला होता मीच.

सावकाशनं आता कुठे पिशवी उघडली. नळीनं पाणी काढून मशीन हळूच आडवं केलं, खाली कापड अंथरलं, एकेक स्क्रू काढून ओळीनं मांडला. पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप असतो, जाळीच्या आतल्या बाजूला. त्याच्या पात्यांना लाल फीत गच्च गुंडाळली होती आणि तिच्याखाली घंटी अडकून बसली होती. त्यानं फीत कातरली नाही, चिमट्यानं एकेक वेढा सोडवला. यात तास गेला. आता मला घाई नव्हती. वाटीतले चार स्क्रूही त्यानं न विचारता जिथले तिथे लावले.

मशीन लावायच्या आधी त्यानं घंटी नळाखाली धुतली, पुसली, आत नेऊन आईंच्या हातात दिली. "वाजतेय का बघा."

वाजली. थोडी बोबडी, पण वाजली.

मी दोन पेले पाणी आणलं. एक त्याला दिला, एक आईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान वळवली. "आता नको गं. उगाच चादर भिजते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीनच्या दोन, दोनची एक. देव पावला नव्हता. ही बाई माझ्या खांद्यासाठी आणि त्या फॉर्मच्या भीतीनं तहान मारत होती. घंटी हरवली म्हणून पाणी मागता येत नव्हतं, आणि मी हसत हसत जे बोलले होते त्यामुळे घंटी मागता येत नव्हती. तिच्या त्या गप्प दुपारींना मी झोप म्हणत होते. ओठ बघितले तर पापुद्रे सुटलेले. रोज दोनदा मी ते तोंड पुसत होते आणि मला दिसलं नव्हतं.

मी पलंगावर बसले आणि रडले, चांगली मोठ्यानं. आई म्हणाल्या, "अगं, तो बघतोय." सावकाश खिडकीतून बाहेर बघत होता. मी पेला पुन्हा पुढे केला. त्या सगळं पाणी प्यायल्या, मग आणखी अर्धा पेला प्यायल्या.

त्यानं मशीन लावलं, पाणी खळखळून उतरलं, आणि जाताना मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "तुम्हाला सोमवारीच बोलवायला हवं होतं."

"मला नाही," तो चपला घालत म्हणाला. "त्यांना विचारायला हवं होतं. मीही तेच केलं." आम्ही पंख्यावरून त्याची किती थट्टा केली होती.

रविवारी ताई आल्या, पर्समध्ये फॉर्म, सोबत दाजी. मागच्या गॅलरीत दोरीवर ओळीनं चार चादरी वाळत होत्या.

"चार!" ताई म्हणाल्या. "बघ, मी काय म्हणत होते? दिवसाला चार चादरी म्हणजे काय चेष्टा आहे?"

"काल एकच होती," मी म्हणाले, आणि ती एक का होती ते त्यांना सांगितलं.

ताई दोरीपाशी गेल्या. एका चादरीचं टोक लोंबत होतं, ते त्यांनी नीट वर टाकलं, चिमटा लावला. फॉर्म पर्समध्येच राहिला. तेवढ्यात आतून घंटी वाजली, बोबडी, घाईची.

"तू बस," ताई मला म्हणाल्या. "पाणी मी नेते."