निळ्या डिंकाची दाढ

साहेबांनी तीस वर्षांत माझं कधी कौतुक केलं नाही, आणि आता म्हणे नव्या प्राण्याला माझं नाव देणार. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

प्राणी म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या कपाटात कित्येक वर्षं पडून असलेला नुसता जबडा. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, कुत्र्याएवढ्या खुरवाल्या जनावराचा. पुढच्या दाढा पाला चघळणाऱ्याच्या, बसक्या. शेवटची मात्र मांस कापणारी, धारदार. देवमासे असल्याच चार पायांच्या खुरवाल्यांतून आले, तेव्हा हा त्यांच्या वाटेवरचाच कोणीतरी, असं साहेबांचं म्हणणं. उद्या ते तसं जाहीर करणार होते.

मला ती दाढ खटकत होती आणि संशय होता चष्मेवाल्यावर. हा नवा, साहेबांच्या पुढेपुढे करणारा. महिनाभर या ना त्या निमित्ताने माझ्या टेबलाशी घुटमळत होता. मनात पाप असल्याशिवाय का?

आमच्याकडे हाडं जोडणाऱ्या प्रत्येकाच्या डिंकाचा रंग वेगळा. कोणी काय चिकटवलं ते मागाहून कळावं म्हणून. चष्मेवाल्याचा हिरवा, माझा निळा. वरून दगडाची पूड चोळतो, त्यामुळे सांधा दिसत नाही. म्हटलं, दाढेखाली हिरवा निघू दे, मग बघतेच याच्याकडे.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी डिंक विरघळवणाऱ्या ॲसिटोनचा बोळा दाढेच्या मुळाशी फिरवला.

बोळा निळा झाला.

मग आठवलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून ट्रे पडला होता, दोन प्राण्यांचे दात एकत्र झाले होते. मुलगी तापाने फणफणलेली, शाळेतून फोनवर फोन. मी घाईघाईत दात निवडून चिकटवले, नोंद न करता घरी पळाले आणि विसरून गेले.

"निळाच ना, ताई?" मागे चष्मेवाला उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"महिना झाला. रोज सांगायला यायचो. पण तुमचं नाव लागतंय म्हटल्यावर तोंडच उघडेना."

मला स्वतःची लाज वाटली. बोळा घेऊन मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले आणि उद्याचा कागद वाचू लागले. "'एकही दात इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या हातांना.' ठीक आहे ना?"

मी बोळा त्या कागदावर ठेवला.

"माझं नाव खोडा, साहेब. हा प्राणी कधी जन्मलाच नव्हता. तो मी बनवलाय."