मूळचे कुठले

वेल्डरने स्ट्रेचरचा दांडा धरला तो सोडेना. स्ट्रेचरवर त्याची धाकटी बहीण पोट आवळून कण्हत होती. अपेंडिक्स कधीही फुटेल, असं सर्जन बजावून गेले होते, आणि भूल देणारी ही डॉक्टरीण नसत्या चौकशा करत बसली होती.

भुलीचा त्रास घरात आधी कोणाला झाला होता का, हे तिने दोनदा विचारलं. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग ती म्हणाली,

"तुम्ही मूळचे कुठले?"

"औषध माणसाला देता की गावाला?"

"काही औषधं गाव बघूनही द्यावी लागतात."

तिच्या बोलण्यात मऊपणा औषधालाही नव्हता. वरच्या खोऱ्यातली घरं मुळात मोजकी, ती सांगू लागली, आणि लग्नं पिढ्यानपिढ्या आपसातच. कुणा एकाच्या रक्तातली खोट आता घरोघर पोचली आहे. एरवी ती कळतही नाही. पण भुलीच्या वेळचं नेहमीचं औषध दिलं, की इतरांचा श्वास काही मिनिटांत परत येतो, यांचा तासन्‌तास येत नाही. दुसरं औषध बाहेरून मागवावं लागेल, आणि तोवर अपेंडिक्स फुटलं तर तेही जिवावरचंच.

"म्हणून उगाच थांबणार नाही मी. खोऱ्यातले असाल तर आत्ताच सांगा."

हा प्रश्न वेल्डरला शाळेत, कामावर, भाड्याची खोली बघताना, सगळीकडे भेटला होता, आणि खरं सांगितलं की दार बंद. खोऱ्यातला म्हणजे चोर, हे या शहरात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. थोरला भाऊ हर्नियाच्या ऑपरेशनला आत गेला तो उठलाच नाही. कुणीतरी चुगली केली, खोऱ्यातला म्हणून मारला, असं वडील मरेपर्यंत म्हणत राहिले. धाकटीचं लग्न ठरवताना वेल्डरने भलतंच गाव सांगितलं होतं. तिची सासू आता दोन पावलांवर कान टवकारून उभी होती.

"खोऱ्यातले," तो दातओठ खात म्हणाला. "आई-बाप दोघंही. झालं समाधान?"

डॉक्टरिणीने लगेच नर्सला दुसऱ्या औषधासाठी पिटाळलं. मग वळून, त्याने दोनदा टाळलेल्या प्रश्नावर ती परत आली,

"भुलीतून कोण उठलं नव्हतं?"

"भाऊ."

"त्या वेळी तुम्हाला कुणी काही विचारलं नाही?"

वेल्डरचा हात दांड्यावरून सुटला. विचारलं होतं. तो तेव्हा वडिलांच्या शेजारीच उभा होता. वडिलांनी मान ताठ ठेवून दुसरंच गाव सांगितलं आणि डॉक्टरची पाठ वळताच, कसा बनवला, म्हणून ते हसले होते.

"विचारलं होतं," तो म्हणाला.

औषध आलं, स्ट्रेचर आत गेलं. बाहेर बाकाच्या दोन टोकांना दोघंच उरली. सासूने त्याचा आणि त्याच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला. चोराची पोर सून म्हणून नांदवली, आता लोकांत तोंड कसं दाखवू, हे तिने तीनतीनदा ऐकवलं. तो खाली मान घालून बसला होता. बोलून बोलून तिला धाप लागली, तेव्हा ती बंद दाराकडे बघत राहिली.

"उठू दे तिला आधी," ती म्हणाली. "मग बघते तिच्याकडे."

या बाईची बोलणी बहिणीला पोटभर खायला मिळोत, एवढंच वेल्डरच्या मनात येत राहिलं.