दोष आढळला नाही

माझ्या हातची गाठ सुटत नाही. बढाई मारत नाही. पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय, आणि दुहेरी पीळ देऊन मारलेली माझी गाठ आजवर कुणाला नखानं सोडवता आलेली नाही, कात्रीच लावावी लागते. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, चार तास मशीनला पडून रक्त धुऊन घ्यायचं. एक खेप चुकली तर पाय सुजतील, दुसरी चुकली तर श्वास लागेल, आणि तिसरी चुकवायचीच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बोटं मोजून बजावलं होतं. बसनं परत येताना त्या पार गळून जायच्या. म्हणून ही नवी कोरी गाडी. जाताना त्या मागच्या सीटवर बसणार, येताना तिथंच आडव्या होणार. चालवणार मी, कारण नवरा कारखान्यात, पाळीला बांधलेला.

गाडी दारात आली त्याच दुपारी मी तिची मागची सीट उचकटून काढली. शोरूमवाल्यांनी बसवलेलं कव्हर इतकं ढगळ होतं की मला बघवेना. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गाडीत असलं झबलं? नवरा म्हणाला, "अगं, दोन दिवस तरी थांब, अजून नंबरप्लेट वाळली नाही." मी कसली थांबतेय! जाड निळं कापड घेतलं, मापात शिवलं, सीटवर ताणून चढवलं, खालून पट्ट्या ओढून माझी ती गाठ मारली आणि सीट जागच्या जागी दाबून बसवली. एक सुरकुती नाही. सासूबाईंनी हात फिरवून बघितला. म्हणाल्या, "बसायला जीव होत नाही गं, इतकं छान झालंय."

चौथ्या दिवशी गाडी भर रस्त्यात बंद पडली. खडखड नाही, धूर नाही. चालता चालता माणसानं बोलणं थांबवावं तशी गप्प झाली. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय, घामाघूम झालेय, आणि मागून सासूबाई म्हणतायत, "असू दे, होईल, तू घाबरू नकोस." त्या जरा पुढे सरकून माझ्या खांद्यावर हात ठेवायला आल्या आणि गाडी सुरू झाली. मला वाटलं, चला, सुटलो.

कसले सुटतोय! त्या आठवड्यात आणखी दोनदा तेच झालं. दर वेळी जातानाच. येताना काही नाही. नवऱ्यानं रविवारी स्वतः चालवून बघितली, मला शेजारी बसवून गावाबाहेरपर्यंत नेऊन आणली. गाडी अशी पळाली की विचारू नका. "माझ्या हातात तर लोण्यासारखी चालते," तो म्हणाला. आणि वर, "तू क्लच नीट दाबतेस ना?" त्या दिवशी त्याला जेवायला मी वाढलं नाही, त्याचं त्यानं घेतलं.

मग सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथला फोरमन चष्मा कपाळावर ठेवणारा, बोलायला गोड. गाडी ठेवून घ्यायचा, कॉम्प्युटर लावायचा, स्वतः एक फेरी मारून यायचा आणि कार्डावर सुंदर अक्षरात लिहायचा: दोष आढळला नाही. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मी घरात त्याचं नावच 'आढळलानाही' ठेवलं. चौथ्यांदा मी काउंटरवर हात आपटून म्हटलं, "अहो, तुम्हाला आढळत नाही म्हणून तो नाहीच का? उद्या मी मेले तर तेही कार्डावर लिहा, बाई आढळली नाही!" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, बंद पडलेली असताना आणा ना." बंद पडलेली गाडी आणू कशी, डोक्यावर?

हसायला येतं ना? आम्हीही हसत होतो. त्या हसण्यातच मी एकदा बोलून गेले. सहाव्यांदा की सातव्यांदा गाडी थांबली तेव्हा मागे वळून म्हटलं, "आई, मी बघतेय हं, तुम्ही बसलात की हिला झटका येतो. पांढऱ्या पायाच्या की काय तुम्ही?"

त्या हसल्या. मग खाली वाकून आपल्या पायांकडे बघत राहिल्या. सिग्नल सुटला, गाडी सुरू झाली, मी विसरले. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या लग्नाला आठ दिवस होत नाहीत तोच त्यांचे सासरे दारातल्या पायरीवर कोसळले होते, आणि तेव्हापासून या घरानं त्यांना तेच नाव दिलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तोंडाला लगाम घालायला माहिती कशाला लागते? मला तेवढंही जमलं नाही.

आणि मग तो रेल्वे फाटकाचा दिवस.

हॉस्पिटलच्या अलीकडे रूळ आडवे जातात. फाटक उघडं होतं. पुढची चाकं रुळांवर गेली आणि गाडी गप्प झाली. मी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. तेवढ्यात घंटा वाजायला लागली, तांबडा दिवा लागला. केबिनमधला माणूस खिडकीतून ओरडत हात हलवत होता. मी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. दार उघडून दोघींनी बाहेर पडावं एवढी साधी अक्कल सुचू नये? पण नवीन गाडी, तिच्यासाठी केलेला सगळा आटापिटा, डोळ्यांपुढे तेवढंच. मी मागे वळले आणि ओरडले, "उतरा! आधी उतरा खाली! तुम्ही बसलात की अस्संच होतं!"

त्या उतरल्या. सावकाश, दाराला धरून, सुजलेले पाय एकेक करून खाली टेकवत. दोन पावलं मागे, फाटकाच्या बाहेर झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता कर."

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मी पलीकडे गेले, माझ्यामागे फाटक पडलं. गाडीतून उतरून मागे धावले तोवर रेल्वे आली. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. डब्यांच्या मधल्या फटींतून मला पलीकडची त्यांची साडी दिसायची, नाहीशी व्हायची, परत दिसायची. शेवटचा डबा गेला तेव्हा त्या होत्या तिथंच उभ्या होत्या, दोन्ही हात पोटाशी धरून. मी रडत त्यांच्याकडे गेले, माफी मागितली, गाडीत चला म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तू पुढे हो. मी चालत येते, हे काय समोर दिसतंय हॉस्पिटल." त्या दिवशी त्या चालत गेल्या, येताना बसनं आल्या. पुन्हा काही त्या गाडीत बसल्या नाहीत.

"बसनं जाते मी. मला बसचा नंबर वाचता येतो," म्हणाल्या. नवरा म्हणाला, "जाऊ दे, तेवढंच तिचं मन रमतं." आणि मी? शाळा उघडायला पंधरा दिवस राहिलेले, चारशे गणवेश टेबलावर पडलेले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. त्या सकाळी नऊला पिशवी घेऊन निघायच्या, दुपारी दोनला परत यायच्या. मी मशीनवरून मान न उचलता विचारायची, "झालं ना व्यवस्थित?" त्या म्हणायच्या, "झालं हो." दुसऱ्या खेपेच्या दिवशी त्यांच्या चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. मी पट्टा उसवून सैल करून दिला आणि परत कामाला बसले. शिंपिणीची अक्कल ती, पाय का वाढला हे विचारायचं सोडून चप्पल वाढवली.

तिसऱ्या खेपेला, शुक्रवारी सकाळी, त्या बाहेर पडल्यावर मी गाडी घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी भांडले नाही, अंगात त्राणच नव्हतं. फाटकावरचं सगळं सांगितलं. त्या उतरल्या आणि गाडी सुरू झाली, तेही सांगितलं. फोरमननं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मागे कुणी बसलेलं असतं, हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानं मला गाडी सुरू करायला सांगितली आणि स्वतः जाऊन मागे बसला, अगदी सासूबाई बसायच्या तिथंच. गाडी बंद पडली. तो उठून पुढे सरकला. मी किल्ली फिरवली, सुरू झाली. तो परत टेकून बसला. बंद.

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. सापडला! आता या लोकांना बघून घेते, एकेकाची गचांडी धरते, असं मनात म्हणत मी उतरले. त्यानं सीट उचलली. खाली काळ्या वेष्टणातल्या तारांचा जुडगा होता. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाकडे जाणारा, तो म्हणाला. या तारा ताणल्या गेल्या की पंप बंद, पंप बंद की गाडी बंद. आणि त्या जुडग्याला एक निळी पट्टी घट्ट बांधलेली होती. सीटवर टेकून बसलं की पट्टी खेचली जायची, पुढे सरकलं किंवा आडवं होऊन वजन पसरलं की सैल पडायची.

"ही कंपनीची नाही," फोरमन म्हणाला. त्यानं नखानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. मग पान्याच्या टोकानं केला. "बाप रे, कुणी बांधलीय ही?"

मी पर्समधून कात्री काढून त्याच्या हातात दिली. त्यानं गाठ शाबूत ठेवून पट्टी कापली आणि माझ्या हातात दिली.

तेवढ्यात फोन वाजला. डायलिसिसच्या नर्सबाई होत्या. "तुमच्या सासूबाई आजही आल्या नाहीत. आजची धरून तीन खेपा झाल्या. गावाला गेल्यात का?"

सासूबाई आमच्या बसथांब्याच्या मागच्या बाकावर सापडल्या. पिशवी मांडीवर, पाय घड्यासारखे फुगलेले, आणि श्वास असा की लांबूनच ऐकू येत होता. मी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले. "का नाही गेलात? आई, का?"

त्या थांबत थांबत बोलल्या. "बसनं निघाले त्या पहिल्या दिवशी बसपण बंद पडली गं. पन्नास माणसं उतरली माझ्यामुळे. पोरंबाळं होती. मग म्हटलं, त्या मशीनच्या खोलीत आणखी सात जण झोपलेले असतात. कशाला जा."

मी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "ही बघा. सीटखाली मी बांधली होती. मी, माझ्या हातांनी. तारा खेचल्या जायच्या. तुमचं काही नव्हतं त्यात, कधीच नव्हतं. माझी चूक आहे, आई. ओरडले तुमच्यावर आणि चूक माझी."

त्यांनी अंगठ्यानं गाठ चाचपली. डोळ्यांना आता नीट दिसत नसावं, पण गाठ त्यांनी ओळखली. "तुझीच आहे," म्हणाल्या.

फोरमन माझ्याबरोबर आला होता. आम्ही दोघांनी उचलून त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि तो त्यांना धरून शेजारी बसला. मी गाडी चालवत होते आणि बोलत होते, काय बोलत होते ते मला आठवत नाही. फाटक उघडं होतं. चाकं रुळांवर चढली तेव्हा मी एक हात किल्लीवर ठेवला. गाडी सरळ पलीकडे गेली. आयुष्यात इतकी चांगली ती कधी चालली नव्हती.

"बंद नाही पडली," मागून आवाज आला.

"नाही, आई."

बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "मग सासऱ्यांच्या वेळचंही असंच असेल का गं? कुठंतरी काहीतरी बांधलेलं, आणि कुणी सीट उचलून बघितलीच नाही?"

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, दोनदा म्हटलं. आरशात बघितलं तर फोरमन त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता, आणि त्यानं माझ्याकडे बघून नाही अशी हळूच मान हलवली.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. त्यांना गाडीतून काढताना नर्सबाईंनी मूठ उघडायला बघितली, ती उघडेना. "हे काय धरलंय यांनी?" नर्सबाईंनी विचारलं. मी सांगितलं, सीटची पट्टी आहे, राहू द्या.