दोन वीत वरून

मका गोदामात आला की आधी तो दहा लिटरच्या लोखंडी मापात भरायचा आणि मग ते माप काट्यावर ठेवायचं. दाणे सात किलो भरले तर मका पिठाच्या गिरणीकडे, कमी भरले तर पडत्या भावाने जनावरांच्या खाद्याला. नियम भिंतीवर लावलेला आहे: दाणे मापाच्या काठापासून दोन वीत वरून एकसारखे सोडावेत, माप हलवू नये, शेवटी पट्टी फिरवावी. वरून पडलेले दाणे दाटून बसतात. ओंजळीने अलगद ठेवले तर मध्ये फटी राहतात आणि तोच मका हलका ठरतो.

मुकादम ओंजळीने ठेवायचे. मी शेजारी बसून आकडा लिहायचे. दोन हंगाम लिहिला. रोज पहाटे जप, आठवड्यातून दोन उपास, आणि खोटं बोलायचं नाही हा नेम. काट्यावर दिसतो तोच आकडा आपण लिहितो, मग पाप कसलं, अशी मनाची समजूत घालत आले.

त्या दिवशी माझ्या नणंदेची पोती आली. वर्षभराचं पीक. मुकादमांनी ओंजळीने माप भरलं. सहा किलो आठशे.

"जनावरांना," ते म्हणाले.

"काय?" नणंद उसळली. "चावून बघा दाणा, दात हातात येईल तुमचा! वहिनी, तू काय तोंडात गुळणी धरून बसलीस?"

मी उठले. माप रिकामं केलं, पत्र्याच्या डब्यात दाणे घेतले, दोन वीत वरून सोडले आणि पट्टी फिरवली. सात किलो दोनशे.

"वा, वहिनीबाई!" मुकादम हसले. "नणंद आली म्हणून हात उंच झाला होय? सकाळपासून कुठे होता हा हात?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझी कानशिलं तापली, कारण मुकादम खरं बोलत होते. सकाळीच एका काकांच्या चौदा पोत्यांवर मी खाद्याचा निळा शिक्का मारला होता. काका अजून पोती घेऊन फाटकाशी गाडीची वाट बघत होते.

"काका, पोती परत आणा."

"कशाला बाई? झालं की एकदा."

"नाही झालं. मी चुकीचं लिहिलं."

"अगं, आधी माझं तरी लिही!" नणंद म्हणाली.

"तुझं काकांच्या नंतर."

मुकादमांनी वही ओढून घेतली. "उद्यापासून यायचं नाही."

"उद्याचं उद्या. आजचं माप मी भरणार."

काकांचा मका सात किलो शंभर भरला. वही नव्हती, म्हणून प्रत्येक निळ्या शिक्क्यावर आडवी रेघ मारून मी पोत्यावरच खडूने आकडा लिहिला आणि खाली सही केली.

"तुमच्या त्या सहीला कुत्रं तरी विचारेल का?" मुकादम म्हणाले.

"नका विचारू. गिरणीतही काटा आहे, त्यांना तिथे भरून बघू दे."

आणि मी नणंदेच्या दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं.