भोंग्यावरून गेलेले शब्द

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, जन्मभर मी मोठ्यांदा बोलत आलो, पण त्यातलं एक अक्षरही माझं स्वतःचं नव्हतं. जालना जिल्ह्यातल्या एका लहान बसस्थानकावर, लोखंडी खांबाच्या टोकाला मी बसवलेला आहे. खाली नियंत्रण कक्षातल्या टेबलावर माइक असतो. तो माझा कान. वर खांबावर आहे ते माझं तोंड. स्थानकाचं नाव मात्र सांगत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं अजून इथंच कामाला आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा साच्यावर फिरवून कारागिरानं माझं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं रुंद केलं आणि पोटात चुंबक आणि तारेची गुंडाळी बसवली. मग गवतात गुंडाळून मला एका लाल गाडीच्या टपावरून इथं आणलं. पहिल्या दिवशी मी बोललो तेव्हा उसाच्या रसाचा चरक फिरवणारा माणूसही हात थांबवून वर बघू लागला होता. जाफराबादची गाडी कुठे लागली, टेंभुर्णीची का उशिरा येणार, हे मी सांगायचो आणि लोक विश्वास ठेवायचे. गर्दीत चुकलेल्या कितीतरी लेकरांना मी त्यांच्या आईकडे पोचवलं. एका म्हाताऱ्या बाबांनी तर जाताना खांबाला हात लावून नमस्कार केला होता.

पुढे दिवस पालटले. लाल अक्षरं पळणारी पाटी आली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. माझ्या कडेला गंज चढला आणि आत कोळ्यानं जाळं विणलं. आठवड्यातून एखाद्या वेळी कुणीतरी माइक हातात घेऊन खोकायचं आणि पुन्हा ठेवून द्यायचं.

अशा वेळी वाहतूक नियंत्रक म्हणून आसिफा इथं रुजू झाली. तिचे वडील सिराजोद्दीन यांची नजर अधू झाली होती. ती रोज सकाळी त्यांना मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यामुळे तिचा उच्चार असा स्वच्छ झाला होता की धान्याचं पोतं डोक्यावर घेतलेल्या माणसालाही न थांबता कळावं. आल्या आल्या तिनं सफाईच्या नंदाबाईंना सांगून माझं जाळं काढून घेतलं. पाटी वाचता न येणारी माणसं पुन्हा माझ्याकडे कान लावू लागली. मी सुखावलो.

पण खरं सांगायचं तर आसिफाची जीभ फार तिखट होती. गाडी जरा वाकडी लागली, वाहकानं नोंद करायला उशीर केला, की ती फाडकन बोलायची. माणसं तिला मानायची, आणि तिच्यापासून चार हात लांबही राहायची.

तिचा जीव अडकला होता तो धावड्याच्या संध्याकाळच्या गाडीत. धावडा आणि वाटेतल्या वस्त्यांवरच्या मुली कॉलेजातून सुटल्या की याच गाडीनं घरी जायच्या. थंडीत ही गाडी वारंवार फलाटाला लागेनाशी झाली. मुली अंधार पडेपर्यंत थांबायच्या, मग कोंबलेल्या जीपच्या मागे लटकून जायच्या. दोघींच्या घरच्यांनी त्यांचं शिक्षणच बंद केलं. आसिफानं स्थानकप्रमुख भुजंगराव यांना अनेकदा सांगितलं. ते दर वेळी "बघू" म्हणायचे.

एका संध्याकाळी मुली फलाटावर उभ्या होत्या. आसिफानं काचेतून पाहिलं, तर धावड्याची गाडी फलाटाला न लागता रिकामीच फाटकाकडे निघालेली. चालक होते कारभारी, आमच्या स्थानकातले सर्वांत जुने. आसिफानं माइकचं बटण दाबलं आणि मला बोलावं लागलं.

"चालक कारभारी! गाडी माघारी घ्या! मुली इथं उभ्या आहेत, आणि तुम्ही रिकामी गाडी घेऊन कुठं निघालात? फुकटचा पगार घ्यायची लाज वाटत नसंल तर घरी बसा! तुमच्यासारख्या कामचोर माणसामुळं ही नोकरी बदनाम झाली!"

सगळं स्थानक हसलं. कुणीतरी शिटी वाजवली. गाडी फाटकात क्षणभर थांबली. कारभारींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी निघून गेली. पाण्याच्या नळापाशी एक मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. ती कारभारींची लेक आकांक्षा, मैत्रिणींना पोचवायला आलेली. स्थानकातल्या माणसांत तिला ओळखत होत्या त्या फक्त नंदाबाई. त्यांनी हातातला झाडू टाकला आणि तिला बाजूला नेलं.

आठवड्याभरात कारवाईचा आदेश आला. सहकाऱ्यांशी असभ्य वर्तन आणि ध्वनिक्षेपकाचा गैरवापर असे आरोप होते. त्याखाली आणखी एक ओळ होती: आसिफा चप्पल हातात घेऊन चालकावर धावून गेली. शिक्षा म्हणून तिची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला केली होती. माझी तारही काढून टाकण्यात आली. माइक तेवढा टेबलाच्या कोपऱ्यात राहिला. मला सगळं ऐकू यायचं, पण बोलता येत नव्हतं.

भुजंगरावांनी आसिफाला समजावलं. "मॅडम, आरोप कबूल आहेत अशी सही करून मोकळ्या व्हा. दोन वर्षांत परत याल. अपील करून कशाला वाढवून राह्यल्या?"

"साहेब, मी वाईट बोलले. तेवढं लिहा, आत्ता सही करते. पण मी या खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. चप्पल कुठून आली?"

"लोकांनी बघितलंय."

"मग बोलवा त्यांना."

तिनं अपील केलं. बाहेरून ताठ दिसायची, पण दुपारी कक्षात कुणी नसलं की तो आदेश पुन्हा पुन्हा वाचत बसायची. ती दूर गेली तर वडिलांना बघणारं कुणी नव्हतं. एकदा तिनं नंदाबाईंना सांगितलं, "सही करून टाकू का असं अब्बांना विचारलं. ते म्हणाले, बेटा, जो बोली उसका जवाब दे. जो करीच नहीं, वो सिर पे मत ले."

नंदाबाई खाली बसल्या. "बराबर म्हणले तुमचे अब्बा. तुम्ही जे केलं न्हाई ते सांगायला निघाल्या, लई चांगलं. पण आसिफाताई, जे केलं तेबी ऐका एकदा."

"म्हणजे?"

"त्या दिवशी कारभारीची पोरगी नळापशी उभी व्हती. तिच्या बापाला लोकं हसले, ते तिनं बघितलं. तवापासून ती कॉलेजला येऊन न्हाई राह्यली."

आसिफानं ओढणी तोंडाला लावली. ती एवढंच म्हणाली, "मुलींसाठीच तर भांडत होते मी."

"व्हय. आन् त्यातलीच एक घरी बसली," नंदाबाई म्हणाल्या आणि झाडू घेऊन उठल्या.

अपील ऐकायला जालन्याहून रामराव नावाचे अधिकारी आले. जागा पाहायची म्हणून त्यांनी सुनावणी आमच्या नियंत्रण कक्षातच ठेवली. एका बाजूला भुजंगराव, दुसऱ्या बाजूला आसिफा, आणि दारापाशी टोपी हातात घेऊन कारभारी.

आसिफा आधी बोलली. "साहेब, भोंग्यावरून मी यांना कामचोर म्हणाले. ते चूक होतं. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण अंगावर धावून जाणं हे माझ्या नावावर नको. ते मी केलेलं नाही."

रामरावांनी कारभारींकडे पाहिलं. "तुमच्या जबाबात चपलेचं लिहिलंय. खरंय का?"

कारभारींनी नुसतं "हो" म्हणायचा अवकाश होता. ज्या बाईनं त्यांची गावभर शोभा केली ती कायमची नजरेआड झाली असती. त्यांनी टोपी दोनदा फिरवली.

"न्हाई साहेब. मॅडम खुर्चीतच होत्या. मला काचेतून बराबर दिसल्या. मी रागात होतो. मोठ्या साहेबांनी जे लिहिलं त्याच्याखाली सही करून निघून गेल्तो."

भुजंगराव खाकरले. रामरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "मग गाडी रिकामी घेऊन कुठे निघाला होता?"

कारभारींच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती, आणि ती भुजंगरावांच्याच हाताखाली काढायची होती.

"टेंभुर्णीला. मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांकडं साखरपुडा व्हता. त्यांच्या घरून माणसं घे, तिथं सोड आन् मंग धावड्याला जा, असा हुकूम व्हता. तवाच न्हाई, त्याच्या आधीबी असंच पाठवलं व्हतं."

भुजंगरावांचा चेहरा उतरला. आता रामरावांना, आणि मलाही, कळलं की ती चपलेची ओळ कशासाठी होती. भांडण मोठं दिसलं असतं, तर गाडी कुठे गेली हे कुणी विचारलंच नसतं.

"म्हणजे मॅडमचा दोष नाही, असं म्हणायचं तुम्हाला?" रामरावांनी विचारलं.

"हाय की! बिलकुल हाय," कारभारींचा आवाज चढला. "एवढी वर्षं गाडी चालवली, कधी कुणाला वाटेत टाकलं न्हाई. मॅडमनी खाली येऊन एक शब्द इचारला असता तर मी सांगितलं असतं. माझी लेक घरी बसलीय साहेब. ती माझ्याकडं बघत न्हाई. मला बदली नको, काही नको. ज्या भोंग्यावरून मला बोलल्या, त्याच भोंग्यावरून त्यांनी खरं काय ते सांगावं."

"असं काही नियमात नाही," रामराव म्हणाले.

"नसू द्या," आसिफा म्हणाली. "मी सांगीन."

निकाल आला तेव्हा बदली रद्द झाली होती आणि चपलेचा आरोपही काढला होता. माइकवरून सहकाऱ्याचा अपमान केल्याबद्दलची लेखी समज मात्र कायम राहिली. ती आसिफानं मुकाट्यानं घेतली. भुजंगरावांची वेगळी चौकशी सुरू झाली.

माझी तार जोडायला माणूस शिडी लावून चढला, तेव्हा मी थरथरलो. आता काय बोलायला लागेल, ही धाकधूक होती. वेळ संध्याकाळची निवडली होती, तेव्हाचीच, तीच गर्दी. कारभारी आकांक्षाला घेऊन आले होते. ती येईना म्हणून नंदाबाई स्वतः घरी जाऊन तिला समजावून आल्या होत्या.

आसिफानं बटण दाबलं. आधी नुसता तिचा श्वास स्थानकभर ऐकू गेला.

"प्रवाशांनो, मी वाहतूक नियंत्रक आसिफा बोलतेय. याच भोंग्यावरून मी चालक कारभारी यांना कामचोर म्हणाले होते. ते खोटं होतं. गाडी त्यांनी आपल्या मनानं नेली नव्हती. मी काही न विचारता, सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला. आणि सुनावणीत खरं बोलून त्यांनीच माझी नोकरी सावरली. कारभारीभाऊ, मला माफ करा. आकांक्षा, तुझे वडील खरे माणूस आहेत."

कुणी हसलं नाही. रसवाल्याचा चरकही थांबला होता. कारभारींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि ते उगाच गाडीचा आरसा पुसायला लागले. मग लेकीला म्हणाले, "चल बस. जल्दी कर, पोरी खोळंबल्यात."

त्यांचं घर गावातच, त्या गाडीनं तिला कुठेच जायचं नव्हतं. तरी ती चढली, चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली, आणि मैत्रिणींना धावड्याला सोडून रात्री बापाबरोबर परत आली. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली.

मित्रांनो, आसिफाची जीभ काही रातोरात गोड झाली नाही. अजूनही गाडी वाकडी लागली की तिच्या कपाळाला आठी पडते. पण आता ती माइक खाली ठेवते, कक्षाबाहेर येते आणि खिडकीशी जाऊन त्या माणसाला एकट्याला विचारते. धावड्याची गाडी रोज फलाटाला लागते. घरी बसवलेल्या दोघींपैकी एक परत येऊ लागली आहे. दुसरीच्या वडिलांशी आसिफा बोलणार आहे.

माझं वय झालं आहे. उन्हानं माझा आवाज थोडा चिरका झालाय. तुमच्या गावी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याचं जाळं अधूनमधून काढा, त्याची तार उंदरांपासून जपा. आणि त्याचं बटण दाबायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी खाली उभ्या माणसांकडे एकदा नीट बघून घ्या. त्यांच्यात कुणाची तरी लेक उभी असते.

आता मला थांबायला हवं. काचेपलीकडे आसिफानं माइक उचललाय, आणि जाफराबादची गाडी वळण घेऊन आत शिरते आहे.