मंदाबाईंची सव्वा मूठ

“वहिनी, तुमी फक्त हात वर करा. तोंड उघडाले मी शे.”

मुंबईच्या आमदार निवासात पितांबर पानाला चुना लावत समजावत होता आणि आमदार मंदाबाई त्याच्यासाठी चहा गाळत होत्या. धुळ्याकडच्या त्यांच्या गावात यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. मंदाबाईंचे यजमान नथ्थूभाऊ आमदारकीच्या दुसऱ्याच वर्षी गेले, पोटनिवडणूक लागली. धाकटा भाऊ पितांबर उभा राहिला तर पडेल, हे पक्षाला ठाऊक होतं, पितांबरलाही होतं. लोक विधवेच्या कपाळाकडे बघून मत देतात, हा आडाखा त्याचाच, आणि तो बरोबर ठरला. मंदाबाई निवडून आल्या. गुलाल पितांबरच्या डोक्यावर पडला.

तेव्हापासून पक्ष सांगेल तेव्हा मंदाबाई हात वर करत आल्या होत्या. उरलेल्या वेळात मागच्या बाकावरून माणसं वाचत. कोण बोलण्याआधी पाणी पितो, मंत्र्याचा विनोद संपायच्या आत कोण हसतो, सगळं त्यांना पाठ झालं होतं.

आज मात्र मामला घरचा होता. तालुक्याला मंजूर झालेलं प्रसूतिगृह सरकारने दुसरीकडे हलवायचा घाट घातला होता. ते हलवू नये, असा ठराव विरोधकांनी आणला होता.

“पक्ष नही म्हनस, म्हणजे आपुन बी नही,” पितांबर म्हणाला. “पुढलं तिकीट याद ठेवा.”

“कला याद शे का भाऊ तुमले?”

कला ही पितांबरची धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, अडली, आणि धुळ्याची वेस दिसत असताना बैलगाडीतच गेली. गाडी पितांबरच हाकत होता. त्याने पान गालात सारलं, पण चावलं नाही.

सभागृहात आवाजी मतदान झालं. विरोधकांनी शिरगणती मागितली. ठरावाच्या बाजूचे सदस्य जागेवर उभे राहिले, तशा मंदाबाईही पदर सावरून उभ्या राहिल्या.

“बाई, बसा,” पुढच्या बाकावरचा पक्षाचा प्रतोद दबक्या आवाजात म्हणाला. “आपली पाळी नंतर आहे.”

“माले म्हाईत शे,” मंदाबाई म्हणाल्या. “मन्ही हाईच पाळी शे.”

प्रतोद पाणी प्यायला. एवढ्यात त्यांच्याच पक्षाचा, जळगावकडचा एक पैलवानी आमदार धोतर झटकत उभा राहिला. त्याच्यामागे साक्रीकडचे दोघे. बाई उभी असताना आपण बसून राहिलो, हे उद्या बाजारात कोण सांगत बसणार? सरकारचं बहुमत काठावरचं होतं. मंत्र्यांनी चार डोक्यांकडे पाहिलं, सचिवाच्या कानाशी लागले, आणि उठून म्हणाले, “प्रसूतिगृहाची जागा बदलणार नाही. सन्माननीय सदस्यांनी ठराव मागे घ्यावा.”

ठराव मागे गेला. शिरगणती राहूनच गेली.

त्याच आठवड्यात मंदाबाई कानबाईसाठी गावी आल्या. श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. बायकांची मूठ नसते. बायका फक्त दळतात. नथ्थूभाऊ गेले त्या वर्षी त्यांची मूठ कमी झाली, तेव्हा मंदाबाई भिंतीकडे तोंड करून जात्याशी बसल्या होत्या.

सासूबाई लिलाबाई गव्हाच्या पोत्याशी बसल्या. मंदाबाईंनी सूप धरलं. ओसरीवर पितांबर अजून धुमसत होता.

“तिकीट गयं. आनि इतलं करीसन तुमनं डोकं कोनी मोजलं बी नही.”

लिलाबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. “हाई पितांबरनी,” त्या सुपात गहू सोडत म्हणाल्या. “हाई त्याना मोठा पोऱ्यानी. हाई धाकल्यानी.”

सूप उचलायला मंदाबाई वाकल्या. लिलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. “थांब. तुन्ही ऱ्हायनी.”

“माय, बाईनी मूठ ऱ्हास का कधी?” पितांबर उठूनच आला.

“कोनी मोजलं नही म्हनस ना तू?” लिलाबाई म्हणाल्या. “मी मोजस. कलाना जीवले जी उभी ऱ्हायनी ती या घरमा मोजाई जाई.” मग सुनेकडे वळून, “मन्हा हात वाकडा व्हई गया. तुन्ही मूठ तूच भर.”

मंदाबाईंनी हात पोत्यात कोपरापर्यंत घातला. मूठ वर काढली तेव्हा दोन दाणे निसटले. पितांबरने ते वेचले आणि सुपात टाकले.

पुढे तिकीट गेलंच. ते पितांबरला मिळालं आणि तो दणदणीत पडला. प्रसूतिगृहाच्या उद्घाटनाला मंदाबाईंना मांडवात मागची खुर्ची मिळाली. तिथून त्यांना आतल्या खाटा छान दिसत होत्या.

पण ते नंतरचं. त्या श्रावणात घरात एका मुठीचे रोट जास्त झाले. कानबाईचा रोट परक्याला द्यायचा नसतो आणि टाकायचाही नसतो, घरच्यांनीच संपवायचा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा पितांबर एकटाच चुलीपुढे मांडी घालून बसला होता, आणि वहिनीच्या वाट्याचा रोट दुधात कुस्करून खाली मानेने खात होता.