पाठमोरं बसून निवडलेली गिटार

"गिटार डोळ्यांनी घ्यायचीय की कानांनी?" दुकानदाराने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावर अशी शिक्षा मिळाली म्हणून मी जरा फणकारलेच. पण त्या दुकानाची रीतच तशी होती. गिऱ्हाईक झिलई बघून भुलतं आणि घरी गेल्यावर कपाळाला हात लावतं, म्हणून निवडणाऱ्याने पाठमोरं बसायचं आणि बरोबरच्याने एकेक गिटार वाजवायची. आधी वायर न लावता, मग स्पीकरला जोडून.

बरोबर माझी भाची होती, दादाची मुलगी. नुकतीच विशी ओलांडलेली.

दादा आणि मी एका हॉटेलच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम करायचो. तो वाजवायचा, मी गायचे. गेल्या वर्षी तो गाडीच्या अपघातात गेला. गिटार मागच्या सीटवर होती, तीही गेली. त्यानंतर मी दोन वेगवेगळ्या वादकांबरोबर गाऊन बघितलं आणि दोन्ही वेळा धाप लागून मधेच खाली बसले. मला दमा आहे. ओळ संपताना दादा तारांवर हात ठेवून किंचित रेंगाळायचा, माझा श्वास भरला की पुढे निघायचा. लोकांना वाटायचं, काय लकब आहे! लकब कसली डोंबलाची, माझी फुप्फुसं सांभाळत होता तो. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, मीही नाही.

आता हॉटेलच्या मॅनेजरने आणखी एक शनिवार दिला होता, शेवटचा. तो फसला तर गाणं संपलं, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि भाची मागे लागली होती, "आत्या, मी वाजवते ना!" दादाने तिला कधी जवळ घेऊन शिकवलं नाही. आमची तालीम चालायची तेव्हा ती दारात बसून बघायची, बघूनच शिकली. बोटं गोड आहेत पोरीची, पण तालाला अशी पक्की की घड्याळ गिळलंय जणू. तिला सांगता आलं असतं, बाई गं, माझ्यासाठी थांबत जा. पण श्वास असा मागून घ्यायचा माझा स्वभाव नाही.

पहिली गिटार वायरीशिवायच पोकळ वाजली. स्पीकरला जोडल्यावर तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखी.

"बेताच्या किमतीत असंच असतं," दुकानदार मागून म्हणाला. "आवाज स्पीकरला पोचवणारी आतली मशीन झकास बसवतात आणि लाकडात हात आखडता घेतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

दुसरीची वरची फळी अखंड लाकडाची होती. आवाज भरीव आणि उबदार, जोडल्यावरही तसाच राहिला. मी हळू आवाजात एक गाणं धरलं. तिसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि खोकला आला.

"आत्या, हीच घेऊ," भाची म्हणाली. "हात लावल्याबरोबर बोलते ही."

"तिसरी ऐकू तरी दे," मी म्हणाले.

तिसरी वायरीशिवाय अगदीच सामान्य होती, ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावं तशी. मग खुडबुड ऐकू आली आणि स्पीकरमधून वादन सुरू झालं. मी पुन्हा तेच गाणं धरलं. ओळ संपली. गिटार रेंगाळली. माझी छाती भरली, मी पुढची ओळ उचलली आणि तीही माझ्याबरोबर उठली. सगळं गाणं मी गायले. भिंतीच्या पोपडे आलेल्या रंगाकडे बघत गायले आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंसुद्धा नाही.

"शहाणे, हे कधी शिकलीस?" असं म्हणत मी वळले.

भाची दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, काउंटरपाशी होती. दुकानदार खण उपसत होता. गिटार माझ्या मागच्या खुर्चीला टेकवून ठेवलेली, वायर जोडलेली.

"आत्या, अजून सुरूच कुठे केलंय? हिची बॅटरी उतरलीय. काका नवी शोधतायत."

"पण बाई, तुम्ही गाता मात्र छान," दुकानदार म्हणाला. "साथीशिवाय एवढं गायचं म्हणजे काही खायचं काम नाही."

मी भुताखेतांवर हसणारी बाई आहे. तरी विचारलं, "ही कोणी वापरलेली आहे का?"

"छे हो! सकाळीच खोक्यातून काढली."

नवी बॅटरी घातल्यावर भाचीने वाजवून बघितली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आत्या, ही नको. मी वाजवते ते जरा उशिरा ऐकू येतं. आणि... मी वाजवते तसं येत नाही."

"हीच घ्यायची."

"वाजवणार मी आहे ना?"

"आणि गाणार कोण, तुझी मावशी?"

तिने गिटार परत खोक्यात ठेवली. तिसरी गिटार घरी आली.

तालीम सुरू झाली. वायर काढलेली असली की भाचीची बोटं आणि भाचीचेच सूर. वायर जोडली की स्पीकरमधून येणारं वादन तिच्या हातांमागून चालायचं आणि हळूहळू स्वतःची वाट धरायचं. तिने मुद्दाम धावती चाल वाजवून बघितली, तरी स्पीकर संथच. "माझी बोटं गार पडतात गं," ती म्हणायची. "कोणीतरी हातावर हात ठेवल्यासारखं वाटतं." मी म्हणायचे, नवं वाद्य आहे, सवय होईल. खोटं बोलत होते, आणि मजेत होते. एवढी मजेत मी वर्षभरात नव्हते.

एकदा वहिनी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. खोलीत आम्ही दोघीच आहोत हे बघून उंबऱ्यातच थबकली. मग सरळ आत येऊन तिने स्पीकरचं बटण बंद केलं. बटणाला कणीक लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "जिवंत होता तेव्हाही तो तुमच्याचसाठी वाजवायचा. आता पोरीला तरी वाजवू द्या."

ती गेल्यावर मी ओल्या फडक्याने बटण पुसलं आणि परत चालू केलं.

शनिवारी हॉल भरला. मॅनेजर दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मी पहिलं गाणं धरलं आणि शेवटपर्यंत एकदाही धाप लागली नाही. दुसरं झालं, तिसरं झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी मला माझी जागा मिळत होती, जशी आयुष्यभर मिळाली होती. दादा, दादा, असं मी मनात म्हणत होते आणि आवाज खुलत होता. टाळ्या थांबेनात. मॅनेजरने घडी सोडून टाळ्या वाजवल्या.

मी हसत भाचीकडे बघितलं, तिलाही टाळ्या मिळाव्यात म्हणून हात पुढे केला. ती गिटार मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हात खाली लोंबत होते. तारा थरथरत होत्या.

मी वाकले. "काय झालं गं?"

"तिन्ही गाणी मी वाजवलीच नाहीत," ती कुजबुजली. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर मला सोपं गेलं असतं. पण लहानपणी दारात बसायची तेव्हा जो चेहरा असायचा, तोच होता. "आत्या, तुझं ऐकतात ते. बाबांना सांग ना, एक गाणं मला वाजवू दे म्हणावं. एकच."

वायर माझ्या पायाशीच होती. नुसता पाय अडकला असता तरी निघून आली असती, आणि मग त्या पुठ्ठ्यासारख्या लाकडातून पोरीचं वादन निघालं असतं, पुढच्या रांगेला कसंबसं ऐकू जाणारं. दुसऱ्या ओळीपर्यंत मला धाप लागली असती.

लोक वाट बघत होते. मी पाय जपून वायरीपासून बाजूला घेतला आणि पुढच्या गाण्याला सुरुवात केली.